थोमाची बाजू

२ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा बसून राहिले.

प्रभुभोजनाला सगळी मंडळी उठली, पुढं जाऊन गुडघ्यावर टेकली, भाकरीचा तुकडा घेतला, द्राक्षरस घेतला. मी मागच्या बाकावर. शेजारी सगळ्यांच्या पिशव्या. इंदापूरच्या चर्चमध्ये माझा जन्म पिशव्या राखण्यात गेला. एकदाही चोरी झाली नाही, एवढं माझं पुण्य.

लग्नात बाप्तिस्मा झाला. दृढीकरण राहिलं. म्हणजे मंडळीपुढं उभं राहायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, 'मी मानते' म्हणायचं — मग भाकर. जुने पाळक म्हणाले होते, आधी वाचायला शिका. मग सुमित झाला, मग म्हशी झाल्या, मग आमचे मालक गेणबा गेले. अक्षर राहिलं ते राहिलंच.

नवे पाळकसाहेब नगरकडचे, पोरगेलेसे. दारात हात धरून म्हणाले, "आजी, तोंडी परीक्षा घेऊ की. ईस्टरनंतर बिशपसाहेब येतायत."

मी म्हटलं, "घ्या. पर मी लई इचारते, आधीच सांगते."

हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतीय.

४ फेब्रुवारी

वही करुणाची, शब्द माझे. ती माझी नात, बारामतीला कॉलेजात सायन्स शिकते. माझं बोलणं धुऊन लिहिते — मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. धू म्हटलं. पण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवायचं, ही ताकीद.

घरात तीन माणसं. त्यातली दोन नाताळापासून एकमेकांशी बोलत नाहीत. करुणा म्हणाली होती, "माझा नाही विश्वास. मी दृढीकरण घेणार नाही." सुमित, तिचा बाप, माझा लेक — मंडळीचा सेक्रेटरी. ताटावरून उठला. तेव्हापासून "आई, तिला सांग" आणि "आज्जी, पप्पांना सांग." मी पोस्टमन. दोन्हीकडून चहा तेवढा मिळतो.

संजीवनी, माझी सून, तीन वर्षांमागं आजारात गेली. मंडळीनं उपास धरले, प्रार्थना केल्या. ती गेली. पोरगी गप झाली, बाप मोठ्यानं प्रार्थना करायला लागला. एकाच घावाच्या ह्या दोन तऱ्हा. मला दिसतं, मी बोलत नाही.

९ फेब्रुवारी

दृढीकरणाचा पहिला वर्ग! मिसरूड फुटणारी पोरं, दोन वेण्यांच्या पोरी, आणि मी. एका पोरानं मला जागा दिली — त्याला वाटलं मी त्याच्या मैत्रिणीची आजी.

करुणा मागं बसली. "मी फक्त आज्जीला वाचून दाखवायला आलेय," पाळकसाहेबांना बजावून सांगितलं. ते म्हणाले, "बसा की. बाकाला काय होतंय?"

माणूस बरा आहे.

१२ फेब्रुवारी

वर्गाच्या पुस्तिकेतली उत्तरं भराभर पाठ होतायत. अख्खी गीतं पाठ असणाऱ्या बाईला ही उत्तरं म्हणजे काय! पाळकसाहेब चकित. करुणा वाचते, मी म्हणते, म्हैस ऐकते.

१६ फेब्रुवारी

अडले.

पुस्तिकेत प्रश्न आहे, विश्वास म्हणजे काय? उत्तर — कोणतीही शंका न धरता, कारण न विचारता मानणे.

बाकीची सगळी उत्तरं म्हटली. हे जिभेवरच येईना. मी विचारलं, "पाळकसाहेब, कारण न इचारता मी कांदंसुदिक घेत न्हाय."

पोरं हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "आजी, बिशपसाहेब हाच प्रश्न नेमका विचारतात. दर वेळी."

१७ फेब्रुवारी

सुमितला कळलं. मंडळीत काही लपत नाही, विशेषतः हसण्यासारखं.

"आई, एक वाक्य हाय. म्हण की."

"खोटं कसं म्हणू?"

"खोटं काय त्यात? विश्वास म्हंजे इचारायचं न्हाय. इचारलं की संपलं सगळं."

हे बोलताना तो काय करत होता? उन्हाळी भुईमुगाचं घरचं बी ओल्या गोणपाटात गुंडाळत होता. दरवर्षी करतो. किती दाणे उगवतात बघायचं, मग पेरायचं.

मी म्हटलं, "भुईमुगाला इचारतोस, देवाला न्हाय इचारायचं व्हय? तुझं भुईमुगावर परेम कमी हाय का?"

गोणपाट तसंच टाकून गेला. रागानं नाही. मला ओळखू येतो राग. ते दुसरं काही होतं.

२ मार्च

प्रभुभोजन. पिशव्या.

१६ मार्च

करुणा वर्गात भांडली. माझ्यासाठी! म्हणाली, "सर, प्रश्न विचारणं हा अविश्वासच असेल तर मी आधीच बाहेर आहे. पण माझी आज्जी का बाहेर?"

पाळकसाहेबांनी पुस्तिका चाळली. "त्या बाहेर नाहीत," म्हणाले. "पण उत्तर मी बदलू शकत नाही."

शेळगावला परतताना एसटीत मी करुणाला म्हटलं, "तू तर मानत न्हाईस, मग एवढी का तापलीस?"

"अन्याय आहे म्हणून."

बघा, हिला न्यायावर श्रद्धा आहे. न्याय कुणी बघितलाय? हे मी तिला बोलले नाही. एसटी भरलेली होती. शिवाय एका दिवसात एकाच माणसाला वादात हरवायचं असतं.

२३ मार्च

अक्काबाई शेजारीण आली, गहू निवडायला बसली. ती आमच्यातली नाही, देवळात जाते. म्हणाली, "एवढी झटतीस ती कशापायी? प्रसाद तर आमच्यात न इचारता देत्यात."

"आमच्यात परीक्षा घेऊन देत्यात."

"मग आमच्यात ये की."

"आता न्हाय गं. अभ्यास लई झाला."

हसून हसून तिच्या सुपातले गहू सांडले. पण खरं कारण सांगते, वही. मरायच्या आधी ती भाकर ह्या हातात घ्यायचीय, आणि 'का' हा शब्द गिळून नाही. गिळून मिळत असती तर कधीच मिळाली असती.

६ एप्रिल

पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, त्यांनी त्या उत्तरावर पुष्कळ विचार केला. "आजी, मी तुम्हाला नापास करणार नाही. पण बिशपसाहेबांचं मला माहीत नाही."

सुमित आत होता. बाहेर आला नाही. पाळक दारात आलेत आणि सेक्रेटरी बाहेर आला नाही — असं कधी झालं नव्हतं.

२० एप्रिल, ईस्टर

प्रभू उठला! पहाटेची उपासना, गाणी, गळा बसला. पाळकसाहेबांनी कबरीपाशी गेलेल्या बायांची गोष्ट वाचली. बाया धावत आल्या, प्रभू उठला म्हणून त्याच्या शिष्यांना, म्हणजे पुरुषांना, सांगितलं. पुरुषांनी मानलं नाही. बायकी बडबड वाटली.

घरी येईपर्यंत मी हेच चघळत होते.

रात्री करुणाकडून पुढचं वाचून घेतलं. मग पुन्हा वाचून घेतलं. मग माझी झोप उडाली — आनंदानं.

२६ एप्रिल

उद्या. लुगडं धुतलं. सुमित म्हणाला, "आई, मंडळीम्होरं हसू करून घेऊ नगंस." मी म्हटलं, "हसू माझं हाय, मी बघते."

२७ एप्रिल, रविवार

हे सगळं लिही, काही सोडू नको.

बिशपसाहेब पुण्याहून आले. लांब झगा, थकलेले डोळे. आजचा पाठ थोमाचा. थोमा प्रभूचा शिष्य; तो म्हणतो, उठलेल्या प्रभूच्या हातातले खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मी मानणार नाही. उपदेश झाला — थोमासारखं होऊ नका. मी मनात म्हटलं, थांबा जरा.

पोरांची परीक्षा झाली. मग मी. काठी करुणाकडं दिली.

"बाई, विश्वास म्हणजे काय?"

पाळकसाहेब जमिनीकडं बघतायत.

मी म्हटलं, "साहेब, पुस्तिकेतलं पाठ हाय. पर आधी थोमाचं बोलू द्या. त्याच्यावर लई वर्सं अन्याय झालाय."

बिशपसाहेबांनी चष्मा काढला. "बोला."

"बाकीचे धा जण. त्यांनी तरी न बघता कुठं मानलं? बायांनी सांगितलं तवा एकानंबी मानलं न्हाय. मग प्रभू आला, त्यांना हात दावलं, तवा मानलं. थोमा त्या दिशी तितं नव्हता. त्यानं जास्ती काय मागितलं? ह्यांना मिळालं तेवढंच. आन नाव मातूर एकट्याचं खराब."

बाकांवर खसखस पिकली. बायकांच्या बाजूनं जास्त.

"आन प्रभू आठ दिसांनी परत आला, ते कुणापायी? थोमापायी. 'घे, बघ' म्हणला. बोलला थोडा, आई बोलते तसा. पर आधी हात म्होरं केला. इचारलं म्हणून हाकललं न्हाय त्याला."

बिशपसाहेब म्हणाले, "पण बाई, तुम्हाला तर हात दिसले नाहीत. तुम्ही शेवटी मानता की नाही?"

हे मी पाठ केलं नव्हतं. आलं तसं बोलले.

"मानते साहेब. म्हणून तर इचारते. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला आपण इचारतो का, उशीर का केलास म्हणून? घरच्यालाच इचारतो. माझी सून गेली तवा मी लई इचारलं त्याला. अजून इचारते. उत्तर न्हाय आलं. पर बोलणं मी बंद केलं न्हाय, आन त्यानंबी मला घराबाहेर काढलं न्हाय. माझा इश्वास हा एवढाच हाय. पुरतो का बघा."

बिशपसाहेब पायरी उतरून खाली आले. मी गुडघे टेकायला लागले तर म्हणाले, "राहू द्या, गुडघे दुखत असतील." माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आणि भाकर! पापडाच्या तुकड्याएवढी, बिनमिठाची. एवढ्यासाठी एवढी वर्षं! पण घशाखाली उतरली तेव्हा माझ्या म्हातारीच्या डोळ्यांनी फजिती केली.

मागं वळून बघितलं. बाकावर करुणा, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या. अंगठा वर करून दाखवत होती. भर उपासनेत.

सुमित खांबाला टेकून उभा. दानाचं ताट फिरवायचं विसरला.

२८ एप्रिल

अख्ख्या शेळगावात कळलं. दूध न्यायला येणाराही विचारतो, "आजी, पास झालासा?" मी म्हणते, "पयल्या नंबरानं." वर्गात पोरं किती होती ते सांगत नाही.

३० एप्रिल

सकाळी सुमित धार काढत होता. म्हशीकडं तोंड, माझ्याकडं पाठ. म्हणाला, "आई, संजी गेल्यापासनं मी नुसतं तोंडानं म्हणतो. पल्याड कुणी ऐकतंय असं एक दीस वाटलं न्हाय. इचारायची भीती वाटती." मग म्हणाला, "करुणाला सांग."

नाही सांगणार. पुष्कळ निरोप पोचवले.

करुणे, लिहायचं थांब. बाप अजून गोठ्यातच आहे. जा, बस त्याच्यापाशी.