राणी उजवीकडे

म्हैसूर, २ ऑक्टोबर

ती. विशालाक्षीअक्कास,
श्रीकंठाचा सा. न. वि. वि.

तुझी कुरकुरीत कोडुबळी पोचली आणि संपलीही. अम्माचा फोटो पेपरात आलाय, कात्रण सोबत. दसऱ्याच्या बाहुल्या यंदा सुमेधाने एकटीने मांडल्या; नऊ पायऱ्या, सगळ्यांत वर राजाराणी. अम्मा मोबाइलवर क्रिकेट बघत होती. फोटोसाठी पेपरवाल्याने अम्माचा मोबाइल काढून सुमेधाला दिला, आणि सुमेधाच्या हातातली राणी अम्माला. खाली छापलं, ‘परंपरा जपणारी आजी, मोबाइलमध्ये हरवलेली नात.’ एकाचं दुसऱ्यावर लादायचं, वेदान्तात याला अध्यास म्हणतात, पेपरात छायाचित्र.

ते पाहून बाहुली मंडळाने यंदाच्या मांडणी-स्पर्धेचं पहिलं बक्षीस अम्मालाच जाहीर केलं. मी खरं सांगायला गेलो, तर चिटणीस म्हणाले, मास्तर, हल्लीच्या मुली कुठं हे करतात, लेकीचं फुकट कौतुक नको. सुमेधा म्हणते, यापुढे बाहुल्यांना हात लावणार नाही. अम्माशी तर बोलतही नाही.

लोभ शाबूत असावा.
श्रीकंठ

शिवमोग्गा, ५ ऑक्टोबर

चि. श्रीकंठास अनेक आशीर्वाद.

फोटोत अम्माच्या तोंडावरची व्याकुळता राणीसाठी नाही, मोबाइल परत कधी मिळतो यासाठी आहे. तू मंडळात वेदान्तच सांगितला असशील. मी अम्माला फोनवर झापलं, पोरीचं बक्षीस घेताना काही वाटतं का. ती म्हणाली, बघते. आणि षटक संपू दे म्हणून फोन ठेवला.

माया आहेच, पत्राला आळस करू नकोस.
अक्का

म्हैसूर, १० ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न.

बक्षीस समारंभात अम्माला राजाराणी बसवून दाखवायला सांगितलं. साठ वर्षं हे करणाऱ्या बाईने वामांगी राणी उजवीकडे ठेवली, तीही पाठमोरी. बायका हळहळल्या; अज्जी, डावीकडे, डावीकडे म्हणू लागल्या. अम्मा शांतपणे म्हणाली, मला कुठलं येतंय, घरी सगळं सुमेधा करते. तोवर सुमेधाला राहवेना. ती वर चढली, राणी फिरवून डावीकडे बसवली, निऱ्या सारख्या केल्या आणि अज्जीलाच दटावलं, असं कुणी बसवतं का. चिटणिसांनी निमूट बक्षीस तिच्या हातात दिलं. परतताना दोघी रिक्षाभर हसत होत्या. पुढच्या वर्षी अकरा पायऱ्या ठरल्यात.

आज पेपरात पुन्हा फोटो: ‘विसरभोळ्या आजीला नातीचा आधार.’ मी संपादकांना खरमरीत पत्र लिहायला बसलो, तर अम्माने थांबवलं. म्हणाली, या खेपेला राणी पोरीच्या हातात आहे ना, मग माझी बुद्धी गेली तर जाऊ दे.

ते कात्रण तिने मोबाइलवरून चाळीस जणांना पाठवलंय. तुलाही पोचलं असेल.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
श्रीकंठ