नाल्याची जागा

कडूबाभाऊ,

तीन उन्हाळे सारं गाव तळ्यातली जलकुंभी उपसून राह्यलं. मीही उपसली, लय थकलो. तरी तळ्यात नवं पाणी येईना, जुनं सडून गेलं.

काऊन येईना, हे मले ठावूक होतं. तळ्याचाच गाळ टाकून मी तळ्यात पाणी आणणारा नाला बुजवला अन् वांग्याचं वावर वाढवलं. "पाण्याची वाट अडवू नोको," म्हणून तू भांडला, गाव सोडून गेला.

परवा मी नाला मोकळा केला. काल पाऊस झाला, तळं भरलं. आज गावानं, मी माही जमीन पाण्याले दिली असं समजून, मले शाल-नारळ दिला. मी तो घेतला.

नारळ फोडला नाही. तो तुहा हाये.

तुहा लहान भाऊ,
गोपाल

ता. क. पत्र टाकाले निघालो, तं पारावरची माणसं मले पाहून मानानं उभी राह्यली. पत्र न टाकताच वापस आलो.