चौथी मुदतवाढ

प्रिय बुटके,

किती वर्षांनी तुला अशी हाक मारून लिहिते आहे. एरवी आपली पत्रं चालूच असतात म्हणा. तू कंपनीच्या छापील कागदावर लिहितेस, ‘महोदया, आपल्या पत्रास अनुसरून’, आणि मी सरकारी कागदावर उत्तर देते, ‘महोदया, आपला अर्ज विचाराधीन आहे.’ खाली तुझी तीच सही, शेवटच्या अक्षराची शेपटी समास ओलांडून पार कडेला गेलेली. ती दिसली की मला हसू यायचं. या खेपेला आलं नाही. या खेपेला सही बघून मी फाईल मिटली आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. टेबलाशी बसले असते तर कोणावर तरी विनाकारण खेकसले असते.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत. तुझी चौकशी सारखी चालू असते. हॉस्टेलवरून दर रविवारी मळके कपडे घेऊन येणारी आणि पोटभर जेवून वर तासभर घोरणारी मुलगी एकाएकी फिरकेनाशी का झाली, हे तिला काही केल्या उमगत नाही. आपलं भांडण झालंय असं तिने धरून ठेवलंय, आणि चूक माझीच असणार हेही ठरवून टाकलंय. तिला काय सांगू? एकाच औषधाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी बसलोय आणि कंपनीच्या माणसाशी ऑफिसबाहेर गप्पा मारणं मला चालत नाही, हे एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, ती काय परकी आहे का. विषय संपला.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी मला एकदा ते सलग लिहायचंय, कारण ऑफिसच्या टिपणात ते सलग कधी येतच नाही. तुमचं ते पॉलीहाऊसमधलं कीडनाशक. आपण दोघी शाळेत होतो तेव्हा त्याची नोंदणी झाली, त्या काळच्या चार-सहा पातळ अहवालांवर. पुढे सरकारने ठरवलं की जुन्या औषधांनीही आपली नोंदणी टिकवायची तर नवी माहिती द्यावी. पाण्यात किती उतरतं, मधमाश्यांचं काय होतं, पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का. त्या यादीतली एक अट अशी की फवारणीनंतर पानांवर औषध किती दिवस राहतं आणि त्या पानांत हात घालणाऱ्या माणसाच्या कातडीतून ते अंगात किती जातं, हे प्रत्यक्ष मोजून दाखवा. साधी अट आहे. आणि बुटके, तिचा पहिला मसुदा तूच लिहिला होतास. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून, जीभ दातात धरून. आमच्या साहेबांनी तेव्हा विचारलं होतं की फवारणाऱ्याचं मोजतोच आहोत, तर हे वेगळं कशाला. तू त्यांना उभ्या उभ्या ऐकवलंस की फवारणारा तासाभरात घरी जातो, वेल बांधणारी बाई दिवसभर त्या पानांतच असते. मी तुझ्याकडे बघतच राहिले होते. वर्षभरात तू इथल्या संथ कारभाराला विटलीस आणि कंपनीत गेलीस. तिकडे निदान कामं होतात, म्हणालीस. मला तुझा राग आला नव्हता. उलट वाटलं, त्यांच्या घरात आपलं एक माणूस गेलं.

मग आमचं पत्र गेलं, दोन वर्षांत अभ्यास करून पाठवा. मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात तुमचं उत्तर आलं, प्रयोगशाळेचं नूतनीकरण सुरू आहे, वेळ वाढवून द्या. दिला. पुन्हा आलं, मोजण्याच्या पद्धतीबद्दल मतभेद आहेत, आधी ते मिटवू. मिटवले, त्यात दीड वर्ष गेलं. तिसऱ्यांदा आलं की लेबलवर हातमोजे घालायला सांगितलेलं आहे, तेव्हा कातडीचा प्रश्न उद्भवतोच कुठे. मी प्रत्येक वेळी विरोधात शेरा मारला आणि प्रत्येक वेळी वरून मंजुरी आली. साहेब वाईट नाहीत गं. त्यांचं म्हणणं एकच, कायद्यात बोट दाखवायला जागा हवी. आज नोंदणी आहे, धोका सिद्ध झालेला नाही, मग बंद कशाच्या जोरावर करायचं? आणि धोका सिद्ध व्हायला जी माहिती लागते ती आणून द्यायची कोणी, तर तुम्हीच. म्हणजे तुम्ही जितका उशीर कराल तितकं औषध निर्धोक. हे मी किती वेळा सांगितलं, तोंड दुखलं माझं. साहेब मान हलवतात आणि सही करतात. मला घरी येऊन भांडी आपटावीशी वाटतात. आपटतेही. आई टीव्हीचा आवाज वाढवते.

मागच्या हिवाळ्यात मी हट्टाने एक पॉलीहाऊस बघायला गेले. साहेब म्हणाले, जा, पण प्रवासाची परवानगी शेवटच्या क्षणी मागू नका. काकडीचं होतं. दारातून आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. बायका रांगेत उभ्या, वेल दोरीला चढवताहेत, प्लॅस्टिकचे छोटे चाप लावून. बाह्या कोपराच्या वर. हातमोजे होते की, दाराजवळच्या खिळ्याला नव्याकोऱ्या जोड्यांचा जुडगा टांगलेला होता. ते घालून चाप उघडतच नाही. मी स्वतः घालून पाहिलं. दोन वेल मोडले आणि बायका हसायला लागल्या. आदल्या दिवशी फवारणी झाली होती. तुमच्या लेबलवर काय आहे? फवारा सुकला की आत जावं. सुकलाच होता.

तिथे सगळ्या जिला मावशी म्हणतात अशी एक होती, रांगांची मुकादम. जाडजूड, बोलकी. चष्मा काढून पदराने पुसायची, परत लावायची, परत काढायची. मी विचारलं तर म्हणाली, “फवारणीच्या दुसऱ्या दिवशी असंच होतं बाई. दिवसा अंधारून आल्यासारखं. दोनदा नंबर बदलून घेतला, काय फरक नाही.” तिच्या पापणीची कड एकसारखी उडत होती. मी तिला उजेडाकडून आत सावलीत घेतलं. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्याच राहिल्या, मोठ्या होईनात. आपल्याला कॉलेजात पहिल्या वर्षी कीडनाशकाच्या विषबाधेबद्दल शिकवलेलं सगळं त्या दोन डोळ्यांत होतं, बुटके. तू असतीस तर तुलाही ओळखायला एक क्षण पुरला असता. मी तिला म्हटलं, आज आत जाऊ नका, रक्त तपासून घ्या, या औषधाने नसांना लागणारं रक्तातलं एक एन्झाइम खाली जातं. ती म्हणाली, रजा घेतली तर रांग दुसरीला जाते. तिला डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरने थकवा म्हणून गोळ्या दिल्या. माझं ओळखपत्र दाखवलं तेव्हा त्याने रक्ताची चिठ्ठी लिहिली, पण ती तपासणी तिथे होतच नव्हती. नमुना दुसऱ्या गावी पाठवला आणि तो वाटेत खराब झाला.

मी परत येऊन पाच पानी टिपण लिहिलं. साहेबांनी ते पूर्ण वाचलं, हे मला मान्य आहे. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “वाईट वाटतं वाचून. पण आकडा कुठे आहे? ही हकीकत झाली. हकीकतीवर नोंदणी रद्द होत नाही.” टिपण फाईलला लागलं. फाईल कपाटात गेली.

मग ती सुनावणी, तुमची नोंदणी चालू ठेवायची की नाही यावरची. तू निळी साडी नेसून समोरच्या बाजूला बसली होतीस, तुमच्या वकिलाच्या शेजारी. किती बारीक झालीस गं. तू उठून स्वच्छ आवाजात सांगितलंस की इतक्या वर्षांत या उत्पादनाबद्दल कामगारांची एकही नोंदवलेली तक्रार नाही. खरंच होतं ते. मावशी कुठे नोंदवणार? पण बोलताना तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस, आणि माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. तू खोटं बोलताना थेट डोळ्यात बघतेस, मला माहीत आहे. नजर टाळतेस ती खरं बोललेलं टोचत असलं की.

मधल्या सुट्टीत आपण दोघी वॉशबेसिनपाशी समोरासमोर आलो. मी आईचा निरोप सांगणार होते. तू नळ सोडलास, हात धूत राहिलीस, हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग नळाकडे बघत म्हणालीस, “अभ्यास सुरू केला होता आम्ही. पहिल्याच ठिकाणी बायकांच्या रक्तातले आकडे खाली गेले, म्हणून थांबवला. मला पुढे काही विचारू नकोस.” आणि माझ्या दंडाला ओला हात लावून निघून गेलीस. तो ओलसर ठसा सुनावणी संपेपर्यंत माझ्या बाहीवर होता.

मी विचारलं नाही. तू मला हे का सांगितलंस याचा मात्र त्यानंतर रोज विचार केला. नियम तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. अभ्यास पुरा होवो न होवो, त्यात माणसांना अपाय दिसला तर ते ताबडतोब कळवावं लागतं. मी स्वतःला समजावलं की तू आधी मला सांगितलंस म्हणजे आता कागदावरही येईल, तुझ्या वरच्यांशी भांडायला तुला थोडा वेळ हवा असेल. टपाल आलं की मी आधी तुमचं पाकीट शोधायचे. आमची टपाल बघणारी बाई चेष्टा करायला लागली की कोणाचं प्रेमपत्र यायचंय का.

आणि सोमवारी पाकीट आलं. चौथी मुदतवाढ. कारण, ‘योग्य ठिकाण उपलब्ध न झाल्याने अभ्यास अद्याप सुरू करता आलेला नाही.’ खाली तुझी सही, समास ओलांडून गेलेली.

अद्याप सुरू करता आलेला नाही. बुटके, हे वाक्य तू टाईप केलंस की तुझ्यासमोर कोणी आणून ठेवलं? कोणी आणून ठेवलं असेल असंच मला वाटतं. तुझ्यावर घर आहे, लेकीचं शिक्षण आहे, तिथे तुझ्यावर कोण कोण बसलंय ते मला इथून दिसत नाही. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मी तुझ्या जागी नाही. मी माझ्या जागी आहे, आणि माझ्या टेबलावर त्या चौथ्या पत्राखाली शिफारशीची रिकामी ओळ होती. फवारणी दर पंधरवड्याला होते. मी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून आठवडा काढू शकले असते. आम्ही तेच तर करत आलो.

हे पत्र एवढ्याचसाठी लिहिते आहे की ही गोष्ट तुला माझ्याकडून कळावी. आज दुपारी मी साहेबांना सगळं लेखी दिलं. वॉशबेसिनपाशी तू काय म्हणालीस ते, तुझ्याच शब्दांत, तुझ्या नावानिशी. तू माझी सर्वांत जुनी मैत्रीण आहेस हेही लिहिलं, कारण ते लपवलं असतं तर तुमच्या वकिलाने पहिल्याच दिवशी माझं म्हणणं उडवून लावलं असतं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि या वेळी मान हलवली नाही, खुर्ची पुढे ओढली. ही फाईल आता माझ्याकडे राहिलेली नाही, मैत्री असल्यावर राहणारही नव्हती. ज्यांच्याकडे गेली ते तुला ओळखत नाहीत. थांबवलेल्या अभ्यासाचे सगळे कागद मागवणारी नोटीस उद्या निघेल आणि ते कागद येऊन तपासून होईपर्यंत औषधाची विक्री स्थगित राहील. नोटिशीत तुझं नाव आहे. तुझी नोकरी जाईल कदाचित, आणि ती माझ्यामुळे गेली असेल. तू दार लावून घेतलंस तर मी समजून घेईन. आईला मात्र मी आज सगळं सांगितलं. तिने उठून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर धुतलेली चादर घातली आणि म्हणाली, तिला लिही, रविवारी येऊन राहा, भांडायचं असेल तर इथे येऊन भांड.

तुझीच,
लांबडी