मिस्ड कॉल शून्य

२ जून २०२५, राजूर

इंटरनेटवाला तिसरा माणूसही येऊन गेला. आता ठरवायचं मलाच!

केबलवाल्याची फायबर सगळ्यात वेगवान, पण घाटात एक फांदी पडली की आठवडाभर बोंब. सिमवरचा राउटर बसवायला सोपा – पण भंडारदऱ्याला गर्दी झाली की टॉवरच दमतो. तिसरी, डिश. ती पावसात कशी चालते ते कुणी छातीठोक सांगत नाही. तिघांनाही मी तेच विचारलं. लाईट गेली तर? बिघडलं तर माणूस कधी येणार? लेखी देणार का? केबलवाला चेतनला म्हणतो, "तुझी बहीण नवरा बघताना पन असंच लेखी मागनार का रं?" चेतन फिदीफिदी हसला. भाऊ आहे की कोण!

धंदा वडलांचा, दोनच जीपचा. एक अप्पा चालवतात, एक चेतन. म्हणून काय तो गबाळा असावा? बी.कॉम. करून पुण्याला नोकरी शोधायची सोडून परत आले ती यासाठीच.

५ जून

फायबरच घेतली. फांदीच्या भीतीनं जोडीला सिमचा राउटरही.

फोनची सेवा मात्र संगमनेरच्या एका कंपनीची. तिचा माणूस काकासाहेब – नावावरून म्हातारा वाटला होता, निघाला चेतनच्या वयाचा! धंद्याला एकच नंबर. फोन कंप्युटर उचलणार, एक दाबलं की गाडीवाल्याला जोडून देणार. "मॅडम, पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलतंय. तुमचं एकबी गिऱ्हाईक वाजत बसनार न्हाई."

हेच तर हवं होतं मला. आमच्या वस्तीतली माणसं जन्मभर दुसऱ्याच्या दारात ताटकळली. आमच्या दारात कुणी ताटकळायचं नाही.

८ जून

नंबर सुरू झाला!! स्वागताचा आवाज माझाच. बुद्धविहारात बसून रेकॉर्ड केला, तिथं शांत असतं. "नमस्कार. भीमराज जीप सेवेत आपलं स्वागत आहे. गाडी हवी असल्यास एक दाबा." आई म्हणाली, "अगं बाई, रेडिओवानी बोलतीय." अप्पांनी स्टँडवर दिसेल त्याला ऐकवलं. स्पीकर लावून.

अप्पांचा जुना नंबरही नव्याकडे वळवून टाकला. तेव्हा ते म्हणाले, "वरची लोकं रिंगा देत्यात. त्येंचं कसं?"

वरच्या वाडीत आवाज फाटतो. शब्द जात नाहीत, रिंग तेवढी जाते. म्हणून दोन रिंगा देऊन कापायचं, म्हणजे गाडी पाठवा. मग अप्पा न विचारता निघतात. मी म्हटलं, "अप्पा, आता कशाला रिंगा? माणसानं बोलावं. हक्कानं एक दाबावं. किती दिवस चोरासारखं वाजवून ठेवून द्यायचं?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "कंपूटर घेईल सांभाळून."

१४ जून

काजवे बघायला मुंबई-पुण्याची झुंबड. संध्याकाळपर्यंत फोनच फोन. स्क्रीनवर शेवटी आलं – मिस्ड कॉल : शून्य. फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला.

२९ जून

बाजारात हिरा भेटली. सातवीपर्यंत माझ्याच बाकावर होती. मग तिचं लग्न वरच्या वाडीतल्या सहादूशी झालं आणि मी कॉलेजात गेले. पोट घेऊन डुलत चालते. म्हणाली, "शुभे, दिवस भरत आल्यात. मला पुढच्या शिटावर बसवायचं हां. मागं बकऱ्यांत न्हाई."

मी म्हटलं, "राणीसाहेबांना पुढचीच सीट." सासूला दम भरून सांग, फोन वेळेवर करा, असंही म्हटलं. ती म्हणे, "आत्याबाई कवाच्या मोबाईल चार्ज करून बसल्यात."

१३ जुलै

विहारात दर रविवारी पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. यंदाही अप्पाच वाचणार. अडखळतात, पण त्यांचंच ऐकायला लोकांना आवडतं. मी पहिलीत होते तेव्हा हाच माणूस शाळेच्या फाटकाशी पिऊन पडलेला होता. मी ओलांडून आत गेले होते. त्या दिवसापासून थेंब नाही! विहारात कुणाही पिणाऱ्याला दाखवतात – भीमराजकडं बघ.

आज फोन कमी. मिस्ड कॉल शून्य.

२२ जुलै

हिरा गेली.

२३ जुलै

काल दुपारी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. मग रक्त थांबेना. डोली करून चौघांनी सडकेपर्यंत आणली. तिथं दुधाचा टेम्पो मिळाला. दवाखान्याच्या दाराशी संपली. मुलगी आहे.

आमची जीप दिवसभर कार्यालयासमोर उभी होती. अप्पा चहा पीत होते. मी स्क्रीनसमोर बसले होते. कुणी बोलावलंच नाही. का नाही बोलावलं? मी सांगितलं होतं ना तिला? माझा राग तिच्या सासूवर निघतो आहे. रंगुबाई म्हातारी, घाबरली असेल, विसरली असेल. आई म्हणाली, "गप बस, बाळा. मयताच्या घरावर रागावू ने."

२५ जुलै

अप्पा एकटेच वर जाऊन आले. मला नेलं नाही. आल्यावर जीपमधून उतरेचनात. काच खाली करून नुसते बसून. आईनं भाकरी तिथंच नेऊन दिली. तशीच परत आली.

चेतन चुलीपाशी हळूच म्हणाला, "ताई, वाडीची लोकं म्हणत्यात रिंगा दिल्या हुत्या. लई रिंगा."

रिंगा?

२६ जुलै

आईचा फोन घेतला. विहाराच्या मागं गेले, कार्यालयाचा नंबर लावला. दोन रिंगा देऊन कापणार होते.

अर्धीच वाजली. लगेच माझा आवाज – नमस्कार.

कापला. पुन्हा लावला. अर्धी रिंग, नमस्कार. कापला. धावत कार्यालयात आले. स्क्रीनवर काहीच नाही. कंप्युटरनं फोन उचलला होता, म्हणजे मिस्ड नाही. आणि एक दाबलं नव्हतं, म्हणजे कुणाला जोडलाही नाही. अप्पांचा फोन टेबलावर पडलेला. गप्प.

ती म्हातारी रिंग देत होती आणि मी उचलत होते. आवाज फाटतो तिथं, काय ऐकू आलं असेल? तिला वाटलं असेल, लागला एकदाचा – आता येईल भीमराज. मग वाट बघत बसली असेल.

काकासाहेबाला फोन केला. ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, "मॅडम, तुमी आधी सांगायला पायजे हुतं. सेटिंग करून दिलं असतं. दहा रिंगांनी उचल म्हनलं तरी उचलतंय ते." त्याचा दोष नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. लाईट, बिघाड, लेखी – मी सगळं विचारलं. गिऱ्हाईक फोन कसा करतं, एवढंच विचारलं नाही. आणि ते तर मला माहीत होतं!

२७ जुलै

अप्पांना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, "वर गेलो तवाच कळलं मला. बंद कर ती बया. माझा नंबर मला दे."

"मी जाऊन सांगते त्यांना."

"कुनाला काय सांगायचं न्हाई. मी बोललोय त्यांच्याशी. मिटलंय."

काय बोलले? सांगत नाहीत.

नंबर बंद केला. त्याआधी माझा आवाज शेवटचा ऐकला. किती हसून बोललेय मी.

१० ऑगस्ट

विहारात काहीतरी बिनसलं आहे. अध्यक्षांनी अप्पांच्या हातातून ग्रंथ घेतला. हळूच म्हणाले, "भीमराजदादा, यंदा जरा मागं बसा." अप्पा मागं जाऊन बसले. चपलांपाशी. कुणी वर बघेना. मी आईकडं पाहिलं तर ती पदर चाचपत होती.

घरी येताना विचारलं. अप्पा म्हणाले, "दुसऱ्यांनी पन वाचावं की."

१९ ऑगस्ट

जुना नंबर अप्पांच्या खिशात. वाडीकडून एकही रिंग नाही. परवा तापानं फणफणलेलं मूल वाडीच्या माणसांनी खांद्यावर घेऊन खाली आणलं. आमच्या जीपच्या शेजारून गेले.

२४ ऑगस्ट

आज वर गेले. जीपनं नाही, चालत. सगळं सांगायचं ठरवूनच.

रंगुबाई ओटीवर बाळाला चमच्यानं दूध पाजत होती. सहादू भाताच्या खाचरातून आला, पाय न धुता टेकला. मी म्हटलं, "सहादूभाऊ, त्या दिवशी रिंगा पोचल्या नाहीत, त्याचं कारण –"

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुझा बाप सांगून गेला."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं म्हणेपर्यंत तो पुढं म्हणाला, "त्या दिवशी पिऊन पडलो हुतो म्हनला. फोन वाजत व्हता, शुद्ध नव्हती म्हनला. हितं अंगनात नाक घासलं त्यानं."

रंगुबाई म्हणाली, "इतकी वर्सं सोडली हुती मेल्यानं. माझ्या सुनंच्याच दिवशी कशी आठवन झाली?"

बाळ माझ्याकडं बघत होतं. हिराचे डोळे. मी तोंड उघडलं. "येते," एवढंच म्हणाले. माझी चूक सांगायला गेले आणि बापाचं खोटंच पक्कं करून आले.

२५ ऑगस्ट

भांडले. पहिल्यांदाच अप्पांशी इतकं भांडले. "का? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

ते टायरची हवा बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्यामागं वस्तीतल्या चार पोरी कालेजात जात्यात. तू गेलीस म्हनून त्यांचे बाप पाठवत्यात. उद्या म्हनतील, शिकलेल्या पोरीनं मशीन आनलं न् बाई मारली. मग बसा घरात. माझं काय? मी बेवडा हुतोच. लोकांना नवं न्हाई."

"पण ते खोटं आहे, अप्पा!"

"मग असंल."

२८ ऑगस्ट

ठरलं. रविवारी वाचन झालं की उभी राहणार. सगळ्यांसमोर सगळं सांगणार. मशीन, माझा आवाज, दोन रिंगा, शून्य. मग सोमवारी परत वर जाणार. त्या चार पोरींनाही हेच कळायला हवं – की शिकलेल्या माणसानं चुकलं तर बोलायचं. नाहीतर शिकून काय केलं?

अप्पांना सांगितलं. त्यांनी शपथ घातली, मी मानली नाही. मग म्हणाले, "बापावर गेलीयस. ऐकायची न्हाईस."

वाटलं, समजले.

३० ऑगस्ट

अप्पा पिऊन आले. भर दुपारी. स्टँडपासून वस्तीपर्यंत पायी, मधल्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत.

दारात थांबून मला म्हणाले, "खोटं म्हनत हुतीस, झालं खरं. आता उद्या तुला सांगायला काय उरलं न्हाई."