बर्फ फुटल्यानंतरचा रविवार

हेरन तळं, मोंटाना
मेचा पहिला आठवडा

प्रिय लोर्ना आणि एव्हरेट,

आपल्या तिघांपैकी कुणाचं बाबांनी कधी ऐकलंय का? तळ्यावरचा बर्फ फुटला की पहिल्या रविवारी होडी पाण्यात गेलीच पाहिजे, हा त्यांचा धर्म! फोनवर म्हणाले, "इडा, येतोय मी. तू जन्मायच्या आधीपासून या तळ्यात होडी वल्हवतोय, मला शिकवू नकोस."

मी बरी आहे. वनरक्षकाच्या चौकीत लाकडं भरपूर आहेत, फक्त संध्याकाळी बोलायला कुणी नाही. एव्हरेट, तुझा खोकला गेला का?

इथे ऊन इतकं छान पडतं की फिरायला आलेले लोक नुसत्या सदऱ्यावर होडीत बसतात. पण माणूस हवेत बुडत नाही, पाण्यात बुडतो, आणि पाणी अजून बर्फासारखं गार आहे! परवा सकाळी तळं निवांत होतं. दुपारी खिंडीतून वारा उतरला आणि एका जोडप्याची होडी उलटली. मी दोर फेकला, तर त्या तरण्याताठ्या माणसाच्या बोटांना तो धरता येईना. लाइफ जॅकेट होतं म्हणून दोघं वाचली. बाबा ते घालत नाहीत. होडीऐवजी त्यांना डोंगरावर न्यावं, तर वाटेवरच्या बर्फात दुपारी कमरेपर्यंत रुतायला होतं.

मी एकटी आहे म्हणूनच ते येताहेत, हे मला कळतं. म्हणून तर त्यांना नाही म्हणणं मला जमणार नाही. ते धक्क्यावर उभे राहिले, की मीच आधी होडीत जाऊन बसेन.

तेव्हा शनिवारी ते तुमच्याकडे जेवायला आले, की त्यांच्या गाडीतली वल्ही काढा आणि तळघरात कुलपात ठेवा.

तुमची,
इडा