डोळ्यातला कोप्पा

७ ऑगस्ट
पुन्हा डोळ्यात कोप्पा! छिन्नीखालून कपची उडते ती नेमकी यांच्याच डोळ्यात. चष्मा लावतील तर शपथ! "चूळ भरून ये," म्हणाले. चाळीस वर्षं जिभेनेच काढतेय. मुरे गावात पाथरवटाच्या बायकोला हे यावंच लागतं.

९ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाला — डावा गेलाच, उजवा महिनाभराचा सोबती. घरी येऊन हे दोन वाडगे उडोनच्या शेवया जेवले. मला घास उतरला नाही.

१० ऑगस्ट
म्हणे, आपल्या दोघांच्या समाधीचा दगड स्वतः कोरणार! पितरांच्या आठवड्याआधी, हिगानच्या आत. तोमोहिसा म्हणाला, "बाबा, मशीनवर एका दिवसात करून देतो." तर पोराला म्हणाले, "तुझ्या मशीनला तुझी आई ठाऊक आहे का?" संपलं!

१८ ऑगस्ट
शेडला आतून कडी. आपलंच नाव आधी कोरत असतील, पुरुषाची जात! याइचि — लिहायला इनमिन तीन रेघा. माझं त्सुरुए, चांगल्या एकोणतीस. "तुझ्या बापाला सोपं नाव सुचलं नाही?" लग्नापासून ऐकतेय.

२४ ऑगस्ट
शेडबाहेर कोप्प्यांचा ढीग. टोपलीभर आणले. एक लोणच्याच्या पिंपाखाली, एक दार अडवायला, उरलेले चिखलातल्या वाटेवर. इथे बिनकामाच्या माणसालाही कोप्पाच म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी उंची बघून यांनी मला तेच नाव ठेवलं. चार दिवस अबोला धरला होता मी! शेवटी सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, मोठा दगड डुगडुगला की खाली कोप्पाच सरकवतात. आता डुगडुगणारा कोण, ते तूच बघ." तेव्हापासून हाकेला ओ देते.

३ सप्टेंबर
चहाची वाटी हवेत ठेवली यांनी. फुटली. दोघंही हसलो. मग मी न्हाणीत जाऊन रडले.

११ सप्टेंबर
आज कडी काढली. दगडावर एकच नाव — माझं! एकोणतीसच्या एकोणतीस रेघा, कुठे एक टवका उडालेला नाही. शेजारची जागा कोरी.
"अहो, आणि तुमचं?"
"तेवढा उजेड नाही उरला, कोप्पा."
खूप भांडले. तीन रेघा आधी मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं! जिवंत माणसाच्या नावात लाल रंग भरतात, तो मीच भरला. कुंचल्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. "सांडू नकोस," म्हणाले. न बघता कसं कळतं यांना?

१४ सप्टेंबर
आता काहीच दिसत नाही. तोमोहिसा म्हणतो, उरलेलं नाव मशीनवर करू. हे दिवसभर ओसरीवर बसून असतात. मी छिन्नीला धार लावून ठेवली. उगीच.

१९ सप्टेंबर
"कोप्पा, डोळ्यात कोप्पा गेलाय गं."
विझलेल्या डोळ्यात कसला आलाय कोप्पा! म्हातारपणी लाड करून घ्यायचे असतील. चूळ भरली, जीभ लावली.
दगड! खरा, करकरीत!
तशीच शेडकडे धावले. तीन रेघा. शेवटची जरा वाकडी.
तो लाल रंग कुठे ठेवलाय मी?