गणपतीचा स्क्रीनसेव्हर

१४ सप्टेंबर २००४, नांदगाव
कोल्हापूरहून आलो आणि पहिल्याच दिवशी गावाने मला ‘कॉम्प्युटरवालो’ करून टाकलं. दुकान स्टेशनच्या वाटेवर, खोली विमलाकाकींच्या माडीवर. काकींची सून दिव्या खाली राहते, तिचा नवरा ओमकार मस्कतला. नवराबायकोला समोरासमोर बोलता यावं म्हणून तिच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला मी कॅमेरा बसवून दिला. काकींनी सोलकढी पाजली. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू.

१९ सप्टेंबर
काल गणपती बसले. इथे भजनी मंडळी घरोघर फिरतात, मीही टाळ घेऊन निघालो. खिशात सीडी, तिच्यात इंटरनेटवरून फुकट उतरवलेला गणपतीचा स्क्रीनसेव्हर. जिथे कॉम्प्युटर दिसला तिथे आरतीनंतर भेट म्हणून टाकला. सात घरं झाली. दिव्याच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस अडून बसला, धोका आहे म्हणाला. मंडळी उसळ खाऊन पुढच्या घरी निघाली होती. मी अँटीव्हायरसच बंद केला.

२१ सप्टेंबर
दिव्याने विचारलं, “दादा, क्यामेऱ्याचो दिवो आपसूक कित्याक पेटता?” व्होल्टेज, म्हणून मी वेळ मारून नेली. मग दुकानात बसून शोधलं. स्क्रीनसेव्हरच्या पोटात दुसराच प्रोग्रॅम लपलाय. नेट जोडलं की तो मागचं दार उघडतो. कुठला तरी अनोळखी माणूस आत येऊन फायली चाळतो, कॅमेरा चालू करतो.

२२ सप्टेंबर
तो स्क्रीनसेव्हर काढायला गेलो. काकी आडव्या आल्या, “विसर्जनाआधी देवाक कोण हलयता रे?” यांचा गणपती अकरा दिवसांचा. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. कॅमेरा काढून ठेवा, एवढं म्हणायलाही जीभ रेटली नाही. उलट सुटलो असं वाटलं. लाज वाटते.

२५ सप्टेंबर
दिव्याचे फोटो ओमकारला ईमेलने गेलेत. कपडे बदलतानाचे. तिला माहेरी धाडा, तो काकींना फोनवर म्हणाला. ती चुलीजवळ बसून आहे, जेवत नाही. मी — वर येऊन दार लावून घेतलं.

२६ सप्टेंबर
ओमकारला फोन केला, कबूल करायला. त्याने बोलूच दिलं नाही. फोटो तुझ्याच ईमेलवरून आलेत, म्हणाला.
उघडून पाहिलं. आहेत — पाठवलेल्यांत. स्क्रीनसेव्हर सगळ्यात आधी मी माझ्याच कॉम्प्युटरवर —
जिन्यात पावलं. काकी. मागे दिव्याही आहे. सांगतो त्यांना. फोटो मी काढले नाहीत, मी पाठवले नाहीत, मी फक्त —